‘एग ऑन’मधलं अंडं कुठून आलं?

अर्धीकच्चीभाषांतरकार: सबटायटल्सचं काम करते. प्रसंग असा: धाकटा कपाटावर चढून बसलाय आणि थोरली खालून त्याला उडी मारायला सांगतेय. आई ओरडते, ‘‘यू एग्ड हिम ऑन!’’ रात्री दोनला मी लिहिलं, ‘‘तू त्याला अंडी मारलीस!’’ आणि फाईल पाठवली. तपासणाऱ्याने नुसता अंड्याचा इमोजी पाठवला. आता सांगा, चिथावण्यात अंडं आलंच कुठून? आणि मराठीत काय लिहू?

धातूशोधक: तुमचा अगदीच गाढवपणा नाही, नुसत्या ‘एग’चा अर्थ अंडी फेकणं असाही होतो. पण ‘एग ऑन’मध्ये अंडं नाहीच. हा जुन्या नॉर्सचा, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेचा ‘एग्या’, म्हणजे उकसवणं. इंग्रजीतला ‘एज’, म्हणजे धार, याच घराण्यातला. पूर्वी ‘एज ऑन’ असंही म्हणत.

गंमत म्हणजे खायचं ‘एग’सुद्धा नॉर्सकडूनच आलं, पण तो शब्द वेगळा. इंग्रजांचा स्वतःचा शब्द होता ‘एय’, अनेकवचन ‘एयरेन’. मुद्रक कॅक्स्टनने १४९० मध्ये एक किस्सा छापलाय: एका व्यापाऱ्याने एका बाईकडे ‘एग्ज’ मागितली, तर ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही! तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. शेवटी कुणीतरी ‘एयरेन’ म्हटल्यावर तिला कळलं.

कपाटावरची: ‘फूस लावलीस’ लिहा की.

धातूशोधक: नको. फूस लावणारा डोक्यात कल्पना घालतो, तेही गुपचूप. त्याला इंग्रजीत ‘पुट अप टु’ जवळचं. इथे कार्टं आधीच वर बसलंय, ताई फक्त खालून जोर लावतेय. ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवणं’ही नको, त्यात स्तुती लागते.

कपाटावरची: मग ‘तूच चढवलंस त्याला’?

अर्धीकच्चीभाषांतरकार: अहो, तो कपाटावर आहे! ताईने उचलून ठेवला असंच वाटेल. ‘चिथावलंस’ लिहून पाहिलं, पण ते दंगलीच्या बातमीसारखं वाटतं. ‘भरीला घातलंस’ बरं आहे, फक्त ही आई तसं बोलेल असं वाटत नाही. शेवटी ‘‘तूच चेव आणलास ना त्याला!’’ लिहिलंय. एका ओळीत बसतं. पाठवते. इमोजी आला तर परत येईन.