राइनहाइट्सगेबोट उडवला की आहे अजून?

म्युनिकवासी:
इथे जवळपास प्रत्येक जर्मन बिअरच्या बाटलीवर 'राइनहाइट्सगेबोट'प्रमाणे बनवलेली असं छापलेलं असतं, कुठेकुठे १५१६ हे सालही टाकतात. ऑफिसातला एक जण म्हणतो की हा शुद्धतेचा कायदा युरोपियन कोर्टाने कधीच उडवला. मग छापतात कशाला? आणि असा नियम गिऱ्हाइकाच्या भल्याचाच ना?

फुकटचा_वकील:
उडवला नाही, दात काढले फक्त. १९८७ चा निकाल. जर्मनीचं म्हणणं, माल्ट, हॉप्स, यीस्ट, पाणी सोडून काही घातलं की 'बिअर' म्हणून विकायचं नाही, मग शेजारच्या देशात ती कायदेशीर का असेना. कोर्ट म्हणालं तांदूळ-मका घातलाय ना, मग लेबलवर लिहायला लावा, घ्यायची की नाही ते पिणारा बघेल, लोकांच्या सवयी कायद्याने गोठवून देशी धंदा जपू नका. अ‍ॅडिटिव्ह तब्येतीला वाईट म्हणावं तर त्यातली बरीचशी बाकीच्या पेयांत जर्मनीला चालतच होती :) जर्मन ब्रुअरीजना जुना नियम अजून आहे, पण आता मुख्य उपयोग जाहिरातीलाच.
मूळ केस त्याआधीची, १९७९, कासिस द दिजाँ. फ्रेंच लिकर (फळांची गोड दारू), अल्कोहोल १५ ते २० टक्के, आणि जर्मनीत फ्रूट लिकरला किमान २५ हवं. सरकारने कोर्टात काय सांगावं, तर कमी अल्कोहोलच्या दारूनेच लोकांना सवय लागते! कोर्टाला पटलं नाही, फ्रान्समध्ये कायदेशीर आहे तर इथेही विकू द्या म्हणालं.

पास्ताप्रेमी:
इटलीचंही तेच झालं, १९८८. सुका पास्ता फक्त ड्युरम या कडक जातीच्या गव्हाचा हवा असा कायदा, पण बाहेरून साध्या गव्हाचा आला तर अडवता येत नाही, आणि इटालियन कारखान्याला मात्र ड्युरमच. घरच्यांनाच जाच.

खवचट_काकू:
लेबल वाचून निवडा, छान. मग सोया दुधाचं काय हो वकीलसाहेब? २०१७ मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की पुढे 'सोया' लिहिलं तरी 'दूध' म्हणायचं नाही. माझ्या कपाटात 'सोया ड्रिंक'चा खोका आणि शेजारी नारळाच्या दुधाचा डबा, त्यावर 'कोकोसमिल्श' ठळक अक्षरात. नारळ पिळणाऱ्याला समजतं, सोयावाल्याला नाही का?

फुकटचा_वकील:
काकू, बिअरचा नियम एका देशाचा होता, दुधाचा युरोपचा स्वतःचा, आणि नारळ जुन्या वापरातला म्हणून सवलतीच्या यादीत. कायद्यात बसतं, पण मलाही पटत नाही.

म्युनिकवासी:
अच्छा, म्हणजे धणे नि संत्र्याची साल घातलेली बेल्जियन बिअर इथे 'बिअर' म्हणूनच मिळते ती या निकालामुळे. ऑफिसात सांगतो.