'कॅप्टन ब्लड' (१९३५): खरंच श्रेष्ठ, की नुसती तलवारबाजी?

धागाकर्ता: परवा तिसऱ्यांदा पाहिला. माझं मत पक्कं आहे, चाचेपटांत याच्या तोडीचा दुसरा नाही, आणि त्याचं श्रेय तलवारींना नाही. सुरुवात पाहा. १६८५ साली इंग्लंडच्या राजाविरुद्ध झालेलं मॉनमथचं बंड. पीटर ब्लड हा आयरिश डॉक्टर, बंडाशी त्याचा काही संबंध नाही. एका जखमी बंडखोरावर उपचार केले, एवढाच त्याचा गुन्हा. त्याला गुलाम म्हणून जमैकातल्या पोर्ट रॉयलला पाठवतात. तिथल्या बाजारात मळेवाला बिशप बैल पारखावा तसे त्याचे दात बघायला जातो आणि ब्लड तोंडच उघडत नाही. हा माणूस पुढे चाचा का होतो, ते तिथेच कळतं. बिशपची पुतणी अॅराबेला त्याला दहा पौंडांत विकत घेते.

प्रतिसाद १: अजिबात सहमत नाही. त्या काळी जमैकात ऊस कोण तोडत होतं? आफ्रिकेतून धरून आणलेली हजारो माणसं. सिनेमात ती जेमतेम पार्श्वभूमीला आहेत. गुलामगिरीची सगळी चीड एका गोऱ्या डॉक्टरसाठी राखून ठेवली आहे. शेवटी ब्लड त्याच बेटाचा गव्हर्नर होतो, आणि मळ्यांचं काय झालं हे कोणी विचारतही नाही.

धागाकर्ता: पण मॉनमथच्या शेकडो बंडखोरांना खरोखरच वेस्ट इंडीजला नेऊन विकलं होतं. मूळ कादंबरीच्या लेखकाने, सबातीनीने, ते मनाने रचलेलं नाही.

प्रतिसाद १: विकलं, पण दहा वर्षांच्या मुदतीने. आफ्रिकन माणसाला मुदत नव्हती, त्याच्या पोराबाळांनाही नव्हती. दोन्ही एकाच तागडीत कसं घालता?

प्रतिसाद २: मला दोघांचंही पटत नाही. हा सिनेमा तलवारींसाठीच पाहायचा! लेव्हासूर या फ्रेंच चाच्याच्या तावडीतून ब्लड अॅराबेलाला पैसे मोजून सोडवतो, म्हणजे आता तो तिला विकत घेतो, आणि मग किनाऱ्यावर द्वंद्व. ब्लड झालेला एरॉल फ्लिन तेव्हा जवळजवळ अनोळखी होता. ही भूमिका आधी रॉबर्ट डोनाटकडे होती. समोर लेव्हासूर झालेला बेसिल रॅथबोन मात्र तलवारीत मुरलेला. तो पाण्याच्या काठावर कोसळतो आणि लाट येऊन त्याच्या चेहऱ्यावरून पाणी फिरतं. दिग्दर्शक कर्टिझ तिथे घाई करत नाही. संगीतासाठी कॉर्नगोल्डला तीनच आठवडे मिळाले, म्हणून काही भाग त्याने जुना संगीतकार फ्रान्झ लिस्ट याचा घेतला आणि श्रेयनामावलीत स्वतःला नुसतं संयोजक म्हणवून घेतलं. केवढा प्रामाणिकपणा!

धागाकर्ता: मुदतीचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. गव्हर्नरपदाचा शेवट मलाही घाईचा वाटतो. पण ब्लडचा मित्र जेरेमी पिट याला बांधून फटके मारतात तेव्हा आजही मूठ आवळली जाते, ते नुसत्या तलवारबाजीने होत नाही.

प्रतिसाद १: दात न दाखवणारा ब्लड मलाही आवडतो. विक्रीच्या त्याच ओट्यावर त्याच्या आधी आणि नंतर कोण उभं राहत होतं, ते दाखवायला एक शॉट पुरला असता.