ओझोन मोजायला विमान हवं की फुगे पुरे?

देवगडचा_दर्यावर्दी
काल वास्कोला मित्राकडे जेवायला गेलेलो, तो तिथल्या ध्रुवीय संशोधन केंद्रात आहे. विषय निघाला अंटार्क्टिकातल्या आपल्या मैत्री स्टेशनवरून ओझोन मोजायला यंत्र बांधलेले फुगे सोडतात त्याचा. माझं मत, नुसत्या फुग्यांवर भागणार नाही, आपलं विमान पाहिजे. 1987 ला नासाने चिलीच्या पुंता अरेनासहून ईआर-2 हे संशोधनाचं विमान उडवलं, जवळजवळ 20 किलोमीटर उंचीवर, आत एकच वैमानिक, आणि थेट ध्रुवीय भोवऱ्यात, म्हणजे हिवाळ्यात ध्रुवाभोवती फिरणाऱ्या थंड वाऱ्यांच्या चक्रात घुसवलं. आत शिरताच क्लोरीन मोनॉक्साइड (क्लोरीन ओझोन खातो त्याची खूण) वर आणि ओझोन खाली, आरशात बघितल्यासारखं. त्यातलं 16 सप्टेंबरचं उड्डाण तर सगळ्यात गाजलं आणि त्याच दिवशी ओझोन खाणाऱ्या गॅसांवर बंधनं आणणाऱ्या माँट्रिअल करारावर सह्या झाल्या, योगायोग बघा.

काजूगर
दादा, पण अंटार्क्टिकावरचा ओझोनचा खड्डा शोधला कोणी? तिथल्या हॅली बे या ब्रिटिश स्टेशनवर फारमन, गार्डिनर, शँकलिन या तिघांनी, जमिनीवरून ओझोन मोजणाऱ्या डॉबसन यंत्राने, 1985 ला छापलं. वर्षानुवर्षं तिथेच बसून मोजत होते म्हणून कळलं. विमान दोन महिने उडणार, मग हँगरमध्ये, खर्च मात्र वारेमाप.

देवगडचा_दर्यावर्दी
खड्डा दिसला हो, पण कशामुळे? तेव्हा काहीजण म्हणत होते हा वाऱ्यांचा खेळ आहे, खालची कमी ओझोनची हवा वर येते. आम्हाला पण हैदराबादहून इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राचा मासळीचा नकाशा येतो मोबाईलवर, उपग्रहाने पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा बघून काढलेला, पण बांगडा आहे की नुसतं पाणी हे जाळं टाकल्याशिवाय कळतं काय? विमान म्हणजे ते जाळं.

काजूगर
उदाहरण झकास, पण अर्धंच. 1986 ला शास्त्रज्ञ सुझन सॉलोमन यांची टीम अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो या अमेरिकन स्टेशनला गेलेली, तिथे जमिनीवरूनच क्लोरीनचा माग लागला होता. नंतरच्या विमानाने फक्त शिक्का मारला.

मालवणचो_झिल
अरे बाबांनू, तां सगळा खरा, पण एक इंजिन, एकटो माणूस, खाली बर्फ. पडलो तर तेका खंय शोधूचा?

गॅसवाला_रत्नागिरी
मी फ्रीज-एसी दुरुस्त करतो. आर-22 हा एसीतला जुना गॅस ओझोन खातो म्हणून वापरू नका म्हणतात, नवीन गॅस महाग, गिऱ्हाईक आमच्यावर ओरडतं. तुमची विमानं उडोत नाहीतर फुगे.

देवगडचा_दर्यावर्दी
@काजूगर, शिक्का नाही. खालून बघताना डोक्यावरच्या सगळ्या हवेची बेरीज मिळते. नेमकं कुठल्या उंचीवर, भोवऱ्याच्या काठावर कुठे ओझोन गळतो ते आत शिरल्यावरच दिसलं. नेहमीच्या फुग्यात ओझोन मोजतात, क्लोरीन नाही.

काजूगर
मान्य, पण ते कोडं एकदा सुटलं ना? आता रोजची नजर ठेवायचीय. 2020 ला उत्तर ध्रुवावर ओझोन भयंकर घटला तेव्हा पोलारस्टर्न हे जर्मन संशोधन जहाज बर्फात अडकवून ठेवलेलं, त्यावरूनच फुगे सोडले.

देवगडचा_दर्यावर्दी
जहाज मध्ये आणलंत, आता मी दर्यावर्दी काय बोलणार! फुगे ठेवा. विमानाचं मात्र परत विचारतो मित्राला, पुढच्या खेपेला कुर्ल्या घेऊन जाणारच आहे.