सागवानी स्वयंपाकघर उजळायचं कसं? रंग, पॉलिश की सरळ मॉड्युलर?

गोखले रोडकर
मंडळी, आमचं घर ठाण्यात नौपाड्यात. इमारत 1987 सालची. स्वयंपाकघर दहा बाय सात, काळ्या कडप्प्याचा ओटा, त्याखाली सागवानी दारांची कपाटं आणि समोरच्या भिंतीवर तशीच वरची कपाटं. सासऱ्यांनी लाकूड स्वतः निवडून आणलं होतं आणि सुतार तीन आठवडे घरी येऊन काम करत होता. एका कपाटाच्या आतल्या बाजूला त्याच्या पेन्सिलीने लिहिलेलं 'डावी 2' अजून वाचता येतं.

आता अडचण अशी की दर पाच-सहा वर्षांनी पॉलिशचा हात मारून मारून दारं काळपट झाली आहेत. मुठींभोवती फोडणीच्या तेलाचं चिकट कडं बसलंय, ते कशानेही निघत नाही. दिवसाढवळ्या दिवा लावावा लागतो. मुलगा आणि सून म्हणतात सगळं काढून पांढरं अॅक्रिलिकचं मॉड्युलर करू. त्याचं कोटेशन पावणेतीन लाखांचं आलंय. बघायला आलेला डेकोरेटर म्हणाला, एवढा खर्च कशाला, याच दारांना पांढरा रंग देतो, आठवड्यात स्वयंपाकघर नवं दिसेल.

मला दोन्ही पटत नाही. परवा मी एका दाराची बिजागरी सोडवली. बिजागरीच्या पानाखाली नंतरच्या पॉलिशचे हात पोचलेच नव्हते. तिथे दोन बोटं रुंद पट्टीत मधासारखं पिवळसर लाकूड निघालं, रेषान् रेष दिसत होती. म्हणजे ही दारं मुळात काळी नाहीतच, आपण त्यांना काळं केलं. जे लाकूड आतून इतकं उजळ आहे ते पांढऱ्या रंगाखाली झाकायचं किंवा भंगारात द्यायचं, हे मला चूक वाटतं. ज्यांनी हे केलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा. विरोधात असलात तरी लिहा.

रंधा
ताई, दारं काढू नका. माझे वडील सुतार, आमचं कळव्यात छोटं वर्कशॉप होतं, त्यामुळे थोडं खोलात लिहितो.

आधी बघा की दार खरंच भरीव सागाचं आहे का. चौकट भरीव आणि मधला भाग सागाचा पातळ पापुद्रा लावलेला प्लाय, असं त्या काळात बरेचदा करत. दाराची कड बघा. वरच्या पृष्ठभागाची रेष कडेवर वळून पुढे जात असेल तर भरीव. कडेवर थर दिसले तर प्लाय. पापुद्रा कागदासारखा असतो, मशीन लावलं की पाच मिनिटांत आरपार जाईल. तिथे फक्त हाताने काम.

मग पॉलिश कसलं ते ओळखा. दाराच्या आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाने स्पिरिट चोळा. चिकट झालं, कापसाला रंग आला, तर ते चपड्याचं म्हणजे लाखेचं पॉलिश. स्पिरिटनेच निघेल. काहीच झालं नाही तर मेलामाईन, म्हणजे कृत्रिम राळेचं कडक पॉलिश, असण्याची शक्यता जास्त, त्याला रिमूव्हर आणि खरवडणं. आमचे वडील काचेच्या तुकड्याने खरवडायचे, धार योग्य असली की रंध्यासारखी पातळ कुरळी निघते.

पण याच्याही आधी धुण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून कापडाने तेल काढा, दुसऱ्या ओल्या कापडाने पुसा, पूर्ण वाळू द्या. हे न करता थेट पॉलिश पेपर मारला तर तेल लाकडात घासलं जातं. पुढे आधी 80 नंबरचा पेपर, मग 120, शेवटी सगळ्यात बारीक 220, आणि कायम रेषेच्या दिशेनेच. आडवा हात एकदा मारलात की तो ओरखडा पॉलिशखाली भिंग लावल्यासारखा दिसतो.

शेवटी मॅट पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे, दोन-तीन पातळ हात. चकचकीत नको, चकाकीमुळेच ते जुनाट दिसतं. आणि हे काम पावसाळ्यात अजिबात नको. हवेतल्या ओलाव्याशी पीयूची क्रिया होते, बारीक फोड येतात. खाडीकाठच्या हवेत तर दिवाळी उलटल्यावरच हात लावा.

सागाच्या गाभ्यात मुळातच तेल असतं, म्हणून वाळवी त्याला सहसा लागत नाही. आज त्या दर्जाचं जुनं, मुरलेलं लाकूड विकत घ्यायला निघालात तर तुमच्या कोटेशनचा आकडा लहान वाटेल.

नेरूळ पूर्व
मला हे पटत नाही आणि मी स्पष्ट लिहिते. लाकडाबद्दल सगळे बोलताहेत, त्या ओट्यापाशी उभं राहणाऱ्या बाईबद्दल कोणीच नाही.

मी रोज 14 डबे करते. आमच्या सिडकोच्या घरात अशीच लाकडी दारं होती. दार उघडायचं, खाली बसायचं, पुढचे चार डबे बाहेर काढायचे, मग दोन फूट आत हात घालून मागचं पातेलं ओढायचं. कोपऱ्यातल्या कपाटात तर टॉर्च लावून बघावं लागायचं. चौकटीच्या सांध्यांत झुरळांची अंडी. सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हा त्यांना स्वतःच्या स्वयंपाकघरात साधी परात काढता येईना. 2019 ला मी सगळं काढलं आणि स्टीलच्या ट्रॉल्या बसवल्या. ट्रॉली ओढली की मागचं भांडंसुद्धा पुढे येतं. सासूबाई त्यानंतर पुन्हा स्वतः कुकर लावू लागल्या.

आणखी एक गोष्ट, जी कोणी मोजत नाही. जुनी दारं जपायची म्हणजे ओट्याची जुनी उंचीही जपायची, कारण दारं त्या मापाची असतात. तेव्हाचे ओटे 30 इंचांचे. मी पाच फूट पाच. सतरा वर्षं वाकून पोळ्या लाटल्या आणि कंबर गेली ती गेलीच. कोपर काटकोनात दुमडून जमिनीपासून मोजा, त्याच्या चार ते सहा इंच खाली ओटा हवा. आमचा आता 34 आहे.

सागाची दारं मी फेकली नाहीत. दोन दारांचा देव्हारा करून घेतला. आठवण तिथे शोभते. सिंकखाली तिचा काय उपयोग?

सानपाडा
मी रंग दिलेल्यांपैकी. डेकोरेटर आठवड्यात म्हणाला असेल तर त्याला विचारा, अस्तर कोणतं लावणार?

आमच्याकडे 2021 ला रंगाऱ्याने वरवर पेपर मारून थेट पांढरा ऑइल पेंट मारला. महिनाभर खूप छान दिसलं. मग पांढऱ्यातून पिवळट-तपकिरी डाग वर यायला लागले, चहा सांडल्यासारखे. लाकडातलं तेल आणि रंगद्रव्य वर येतं ते. पहिल्या पावसाळ्यात चौकट आणि फळी जिथे मिळतात तिथे रंग तडकला, सगळ्या दारांवर चौकोनी रेघा. नखाने ओढलं तर पट्ट्याच्या पट्ट्या निघत होत्या.

दुसऱ्यांदा नीट केलं. जुना रंग काढला, थिनरने पुसून लगेच लाखेच्या अस्तराचे दोन हात दिले, मग सायीसारखा मंद रंग. डाग आले नाहीत. सांध्याच्या रेघा आजही येतात, पण बारीक.

तरीही मी रंगाच्या बाजूने आहे. आमचं स्वयंपाकघर उत्तरेला, खिडकीसमोर चार फुटांवर दुसरी इमारत. सागाला कितीही घासा, तो उजेड परत फेकत नाही. मी फक्त वरची कपाटं रंगवली, खालची सागाचीच ठेवली. सकाळी दिवा न लावता चहा करता येतो, याचं मोल मला आहे.

रंधा
सानपाडा, त्या रेघांचं कारण सांगतो. चौकटीतली फळी खाचेत सैल बसवलेली असते, मुद्दाम. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, लांबीत मात्र फारसं बदलत नाही. फळी हलते म्हणूनच दार फाटत नाही. रंग त्या फटीवर ताणला जातो आणि तुटतो. लांबी म्हणजे पुट्टी भरून ती फट बुजवू नका, नाहीतर पुढे फळीच चिरेल.

नेरूळ ताई, झुरळांचं आणि गुडघ्यांचं पूर्ण मान्य. पण ट्रॉली आणि साग यांचं वैर नाही. आतली उभी फळी काढून ट्रॉलीचा सांगाडा बसवायचा आणि जुनं दार आडवं कापून तिच्या तोंडावर लावायचं. वजन जास्त होतं म्हणून चॅनल, म्हणजे ट्रॉली ज्यावर सरकते ती पट्टी, जड कामाचा घ्यायचा, एवढंच. उंचीसुद्धा वाढते. ओटा नवीन करायचाच असेल तर खाली चार इंचांची ग्रॅनाइटची बैठक बांधायची, दारं त्यावर चढतात. लादी पुसताना दारांना पाणीही लागत नाही.

सिंकखाली मात्र साग नको, प्लायही नको असंच माझं मत. तिथे स्टील नाहीतर पीव्हीसी. प्लाय घ्यायचाच तर त्यावर आयएस 710 चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का बघा. आणि एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, पाण्याजवळ कोणी सुचवला तर त्या माणसाकडून काम करून घेऊ नका, पाणी प्यालं की तो पोळीसारखा फुगतो आणि परत बसत नाही.

चरईकर
एक सावधगिरी. कोणाकडे जुन्या ऑइल पेंटने रंगवलेली कपाटं असतील तर कोरडा पेपर मारू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांत शिसं बरंच जास्त असू शकतं. पाणी मारून घासा, मास्क लावा आणि लहान मुलं घरात असताना हे काम नकोच.

वसंत विहार
तुमची इमारत 1987 ची आणि नौपाड्यात. पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत का ते आधी बघा. आमच्या भावाने चरईत साडेतीन लाख घालून मॉड्युलर केलं आणि दीड वर्षात इमारत रिकामी करायची वेळ आली. मापात बनवलेलं काहीही नव्या घरात बसलं नाही. माझा सल्ला, घासूनपुसून दिवे लावा, बाकी एक रुपयाही घालू नका. ओट्यावर वरच्या कपाटाखाली एलईडीची पट्टी लावली की अर्धा अंधार जातो. पांढरट उजेडाची घ्या, पिवळ्या उजेडात साग आणखी लाल दिसतो.

नेरूळ पूर्व
पुनर्विकासाची बोलणी आमच्या ओळखीत एका सोसायटीत बारा वर्षं चालली आहेत. बारा वर्षं बाईने वाकूनच लाटायचं का?

ऐरोलीकर
गॅसचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण कपाटांना हात लावताना नेमकं हेच राहून जातं. जुन्या कपाटात सिलिंडरसाठी खाली भोकं किंवा जाळी ठेवलेली असते. ते बरोबरच होतं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. पण ठाण्या-नवी मुंबईत आता बऱ्याच घरांत पाइपचा गॅस आलाय, तो हवेपेक्षा हलका. गळला तर कपाटाच्या वरच्या भागात साचेल. त्यामुळे पाइप ज्या कपाटातून जातो त्याला वरच्या बाजूला जाळी हवी, आणि बंद करायची कळ ट्रॉलीमागे जाता कामा नये. आमच्या इथल्या एका कंत्राटदाराने पाइप सुंदर झाकून दिला होता. तपासणीला आलेल्या माणसाने त्याच दिवशी फळी काढायला लावली.

गोखले रोडकर
सगळ्यांचे आभार. दोन दिवस या धाग्यावरच होते.

दारांच्या कडा तपासल्या. खालची सहाही भरीव आहेत, वरच्या चारांत मधली फळी प्लायची निघाली. कापसाचा प्रयोग केला, स्पिरिटने काही झालं नाही. मग 'डावी 2' चं दार काढून गच्चीवर नेलं, रिमूव्हर लावला आणि मुलाने आणि मी मिळून खरवडलं. चार तास लागले. चौथ्या तासाला तो सागाचा वास आला, नव्या पेटीसारखा. सासूबाई 81 वर्षांच्या आहेत. त्यांनी दारावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, हे असंच आलं होतं गं आपल्याकडे. सुनेने काही न बोलता फोटो काढला आणि तिच्या आईला पाठवला. तोच इथेही टाकलाय.

तर रंगाचं माझं मत अर्धं बदललंय. वरची चार दारं नाहीतरी प्लायची आहेत, ती सानपाडा म्हणतात तशी अस्तर लावून फिकट रंगवू. खालची सहा सागाचीच राहतील, हे नक्की. वसंत विहार, आमच्या सोसायटीत अजून साधी बैठकसुद्धा झालेली नाही, आणि उद्या इमारत पडलीच तर भरीव दारं उचलून नेता येतील, अॅक्रिलिक नाही.

नेरूळ पूर्व
फोटो बघितला. लाकूड सुंदर आहे, ते मी नाकारलंच नव्हतं. पण तुम्ही दारांचं सगळं लिहिलंत, ओट्याचं काहीच नाही. सूनबाईंची उंची किती? त्यांचं कोपर मोजल्याशिवाय कडप्प्याला हात लावू नका.

गोखले रोडकर
मोजलं. काल रात्री जेवणं झाल्यावर दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिलो आणि मुलाने टेप धरला. माझं कोपर 38 इंचांवर, तिचं साडेएकेचाळीसवर. आताचा ओटा 30. दोघींना चालेल असा 34 धरतोय, म्हणजे रंधा यांची चार इंचांची बैठक तंतोतंत बसते. सुनेने तेवढ्या उंचीवर दोन पाट रचून त्यावर पोळपाट ठेवला आणि आज सकाळच्या पोळ्या तिथेच लाटल्या.