लायो व्हायल ‘पूर्ण विरघळली’ हे डोळ्यांवर न सोडता कसं ठरवायचं?

मदत हवी आहे. प्रोटीनचं लायो (गोठवून सुकवलेलं) इंजेक्शन, विरघळल्यावर 100 मिग्रॅ/मिली. 20 मिलीची व्हायल, त्यात 5 मिली पाणी. एकाच बॅचवर तीन ॲनालिस्टचे विरघळण्याचे वेळ 4 ते 11 मिनिटं येतात!

सुरुवात एकसारखी आहे: व्हायल 25 अंशांना, व्हॅक्यूम आधी सोडलेला, 21 गेजची सुई, पाणी भिंतीवरून 15 सेकंदांत. हाताऐवजी ऑर्बिटल शेकर 100 आरपीएमवर. 150 ला नुसता फेस. घोळ शेवटाला आहे. केक (व्हायलमधला सुका गठ्ठा) दोन मिनिटांत बसतो, पण तळाच्या कडेला काचेसारखा पारदर्शक गोळा चिकटून राहतो आणि वरून फेसामुळे दिसत नाही.

कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता) मोजणारा प्रोब लावून पाहिला. बफरचे क्षार आधी विरघळतात, आकडा स्थिर होतो, गोळा तिथेच. बाजूने घेतलेल्या व्हिडिओत सॉफ्टवेअर फेसालाच केक समजतं.

फॉर्म्युलेशन बदलता येणार नाही (पॉलिसॉर्बेट हे सर्फॅक्टंट, म्हणजे पृष्ठताण कमी करणारा घटक, आहेच), व्हायलही नाही. महागडं उपकरण तूर्त नको.

आता व्हायलखाली कॅमेरा आणि वर रेघांची जाळी, असा विचार आहे. गोळ्यावरून जाताना रेघा वाकड्या दिसाव्यात. वरचा फेस जाळी पुसून टाकेल ही धास्ती आहेच. कोणी असं केलंय का? शेकर थांबवल्यावर रेघा किती सेकंद सरळ राहिल्या की वेळ थांबवता?