‘टेलस्टार’ची चाल कोणाची? जो मीक : संगीतकार की रेकॉर्डिस्ट?

खर्ज (धागाकर्ता)

जो मीक या इंग्लिश ध्वनिमुद्रकाला सरसकट ‘संगीतकार’ म्हणण्याची पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. मुद्दा नुसत्या बिरुदाचा नसून श्रेयाचा आणि त्यामागून येणाऱ्या पैशाचा आहे, म्हणून हा धागा काढला.

ग्लॉस्टरशरमधल्या न्यूएंट गावात १९२९ साली जन्मलेला हा मुलगा लहानपणापासून रेडिओ उघडून बसणारा. सक्तीच्या लष्करी सेवेत त्याने हवाई दलात रडारचे काम केले आणि पुढे तो लंडनच्या आयबीसी स्टुडिओत लागला. त्याला एकही वाद्य धड वाजवता येत नव्हते, स्वरलिपी वाचता येत नव्हती आणि सुरात गाणे तर अजिबातच जमत नव्हते. तरीही ‘द टॉर्नेडोज’ या बँडने १९६२ मध्ये वाजवलेल्या ‘टेलस्टार’ या वाद्यसंगीताच्या तबकडीवर संगीतकार म्हणून त्याचे एकट्याचेच नाव आहे. ही तबकडी ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होती आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेतही अव्वल ठरली. तोवर कोणत्याही ब्रिटिश बँडला तिथे ते साधले नव्हते आणि बीटल्सना ते जमायला आणखी वर्षाहून अधिक काळ लागला.

आता ती बनली कशी ते पाहा. जुलैमध्ये टेलस्टार उपग्रह अवकाशात गेला आणि मीकच्या डोक्यात चाल घोळू लागली. त्याने दुसऱ्याच एका गाण्याच्या तयार साथीवर ती बेसूर गुणगुणून टेप केली आणि त्यातून नेमके स्वर शोधून काढायचे काम दुसऱ्याच्या गळ्यात पडले. वादकांनी साथ वाजवली आणि ते ग्रेट यार्मथ या समुद्रकाठच्या गावातल्या हंगामी कार्यक्रमांना निघून गेले. मग मीकसाठी गाणी लिहिणाऱ्या जेफ गोडार्डने क्लॅव्हिओलीन या छोट्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर ती चाल वाजवली आणि शेवटचा शब्दाविना आलापही त्यानेच गायला. आज ‘टेलस्टार’ म्हटले की कानात वाजतो तो गोडार्डचा हात. माझ्या मते मीक हा असामान्य रेकॉर्डिस्ट होता, पण संगीतकार नव्हता.

गायत्री_पु

तुमचा सगळा युक्तिवाद मीकला स्वरलिपी येत नव्हती आणि गळा नव्हता एवढ्यावरच उभा आहे. चाल सुचणे आणि चाल वाजवता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला तरी सांगावे लागू नये. आपल्याकडे बंदिशी बांधणाऱ्या कित्येकांनी आयुष्यात एकही स्वर कागदावर उतरवला नाही. त्या शिष्यांच्या गळ्यातून पुढे आल्या, म्हणून आपण त्या शिष्यांच्या नावावर मांडत नाही. गोडार्डने वाजवले ते स्वर त्याला मीकच्या टेपमधूनच मिळाले होते.

शिवाय ‘टेलस्टार’ हा एकटादुकटा योगायोग नव्हे. मीकचे ‘पुट अ रिंग ऑन माय फिंगर’ हे गाणे १९५८ मध्ये लेस पॉल आणि मेरी फोर्ड या जोडीने ध्वनिमुद्रित केले. आवाजावर आवाज चढवण्याचे तंत्र ज्याने लोकप्रिय केले, त्या लेस पॉललाच या पोराचे गाणे घ्यावेसे वाटले, यातली गंमत तुमच्या नजरेतून सुटली.

आणखी एक. झां लेद्र्यू या फ्रेंच संगीतकाराने ‘टेलस्टार’ची चाल आपल्या एका चित्रपटातील रचनेवरून उचलल्याचा दावा लावला, तेव्हा रॉयल्टी कोणाची गोठली? मीकची. निकाल त्याच्या बाजूने लागला, पण तोवर तो जिवंत नव्हता. श्रेय एकट्याचे होते म्हणून त्याचे ओझेही एकट्याने वाहिले. बेसूर गुणगुणणाऱ्याचा या चालीशी संबंध नसता, तर दावा कोणावर झाला असता?

टेपवाला

मी मुंबईत एका स्टुडिओत बारा वर्षे मशीनवर बसलो आहे, त्यामुळे ‘संगीतकार की रेकॉर्डिस्ट’ हा शीर्षकातला प्रश्न वाचून थोडा हसलो. एका जिंगलच्या वेळी मी ढोलकीचा माइक चामड्यापासून चार बोटांवर आणला आणि धुम पुढे काढली, तर संगीतकार महाशय काचेपलीकडून ओरडले की वाद्य मी लिहिले आहे, तुम्ही फक्त पकडा. पुढे जाहिरात त्या धुमेनेच लक्षात राहिली. असो.

मीकचे पाहायचे असेल तर ‘टेलस्टार’च्या मागे जा. १९५६ मध्ये हम्फ्री लिटलटनच्या जॅझ बँडचे ‘बॅड पेनी ब्लूज’ त्याने ध्वनिमुद्रित केले. पियानोवरचा डावा हात आणि ड्रमवर फिरणारे ब्रश हे जॅझमध्ये मागे राहणारे आवाज; मीकने तेच फुगवून पुढे आणले. लिटलटन तेव्हा सुट्टीवर नसता तर त्याने हे होऊ दिले नसते, असे तो स्वतःच नंतर सांगत असे, आणि ती तबकडी पॉपच्या पहिल्या वीसांत गेली. ज्या काळात ईएमआयसारख्या रेकॉर्ड कंपनीत तंत्रज्ञ पांढरे डगले घालून काम करत आणि आवाजाच्या मीटरची सुई लाल रेघेपलीकडे जाणे हा गुन्हा मानला जाई, त्या काळात हा माणूस मुद्दाम सुई पलीकडे ढकलत होता, माइक वाद्याला जवळजवळ चिकटवत होता आणि हीटरमधली स्प्रिंग काढून तिच्यातून घुमारा तयार करत होता. रचना कागदावर संपते असे मानले तर तो संगीतकार नाही. मी तसे मानत नाही.

खर्ज

गायत्रीताई, दाव्याचा मुद्दा चांगला आहे, पण न्यायालयात लेबलवरचे नाव चालते, घडलेली हकीगत नव्हे. दावा मीकवर झाला कारण नाव मीकचे होते. टेपवाला, तुमच्या ढोलकीबद्दल सहानुभूती आहे, परंतु तुमचा तर्क स्वीकारायचा तर मीकच्या हातून गेलेल्या प्रत्येक गाण्याचा तोच संगीतकार ठरेल, आणि मग ज्यांनी खरोखर गाणी लिहिली ते कुठे जातील?

गोडार्डचेच पाहा. गायक जॉन लेटनचे १९६१ मधले ‘जॉनी रिमेम्बर मी’, मीकचे पहिले मोठे यश, लिहिले गोडार्डने. १९६४ मध्ये ‘द हनीकोम्ब्स’ या बँडचे ‘हॅव आय द राइट?’ पहिल्या क्रमांकावर गेले तेव्हा ते आपल्या गाण्यावरून घेतल्याची गोडार्डची तक्रार होती. श्रेय केन हॉवर्ड आणि ॲलन ब्लेकली यांचे राहिले, मीकशी त्याची मैत्री तुटली आणि हा माणूस पुढे रेडिंग विद्यापीठाच्या खानपान विभागात काम करत राहिला. वाद गोडार्डच्या बाजूने सुटला असता का, यात मी पडत नाही. परंतु ज्याच्या बोटांनी मीकचे सर्वांत गाजलेले काम पूर्ण झाले, त्याच्या वाट्याला एवढेच आले.

उत्तरा

चर्चा वाचते आहे आणि दोन्ही बाजूंना एक नाव आठवले नाही, ते व्हायोलेट शेंटन. ३०४, होलोवे रोड या पत्त्यावर तळाशी चामड्याच्या वस्तूंचे दुकान होते आणि वरच्या मजल्यांवर मीकचा स्टुडिओ. शेंटनबाई त्याच्या घरमालकीण. आवाज असह्य झाला की त्या झाडूच्या दांड्याने छत ठोकत आणि मीक जिन्यात स्पीकर लावून उत्तर देई, ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. ३ फेब्रुवारी १९६७ रोजी त्याने त्यांना बंदुकीने ठार केले आणि मग स्वतःला संपवले. कारकीर्दीचा हिशेब मांडायचा तर तिचा शेवट वगळता येत नाही.

गायत्री_पु

वगळायचा नाहीच. परंतु पुरुषांमधले समलैंगिक संबंध हा तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता, १९६३ मध्ये त्याला त्या कारणावरून अटक होऊन वर्तमानपत्रांत नाव आले होते, त्यामागून ब्लॅकमेलची भीती आली, वर रॉयल्टी गोठलेली. हेही त्याच हिशेबात धरावे लागेल. तो कायदा त्याच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या आतच, जुलै १९६७ मध्ये शिथिल झाला.

उत्तरा

धरा, पण त्यातले एकही शेंटनबाईंनी केलेले नव्हते. त्याच्या दुःखाची कारणे सांगता सांगता खून हा शब्द ‘शोकान्तिका’ होतो, माझा आक्षेप तेवढाच आहे.

उत्तर लंडनकर

मी बसने होलोवे रोडवरून रोज जातो. त्या इमारतीवर एक छोटा काळा फलक आहे, त्यावर जो मीकचा उल्लेख रेकॉर्ड प्रोड्यूसर आणि ‘द टेलस्टार मॅन’ असा आहे. म्हणजे फलक लावणाऱ्यांनी दोन्ही पक्षांना अर्धे अर्धे देऊन टाकले!

गंभीरपणे सांगायचे तर इथे ‘प्रोड्यूसर’ हाच शब्द महत्त्वाचा आहे. मीकने स्वतःच्या घरात टेप पूर्ण करून मग ती डेक्का किंवा ‘पाय’ (Pye) यांसारख्या रेकॉर्ड कंपन्यांना वापरायला द्यायची, असा व्यवहार रूढ केला. कलाकार कोण, गाणे कोणते, आवाज कसा, हे कंपनीचा पगारी माणूस ठरवत असे. ते मीक ठरवू लागला. तो गेल्यावर साठहून अधिक चहाच्या खोक्यांत भरलेल्या टेप मिळाल्या, सुमारे १,८५० रिळे. या माणसाने काय काय केले ते त्या रिळांत आहे आणि संगीतकार, रेकॉर्डिस्ट अशी वाटणी त्यांत कुठेही सापडणार नाही.

खर्ज

प्रोड्यूसर म्हणायला माझी हरकत नाही. उत्तराताईंचा आक्षेपही मान्य. एका बाबतीत टेपवाल्यांना थोडे झुकते माप देतो. काल रात्री ‘हॅव आय द राइट?’ हेडफोन लावून पुन्हा ऐकले. त्यातला तो धमधम ठेका म्हणजे बँडची मंडळी स्टुडिओच्या लाकडी जिन्यावर पाय आपटत आहेत आणि कठड्याला सायकलच्या क्लिपांनी माइक अडकवलेले आहेत. ते पाय काढले तर गाण्यात फारसे काही उरत नाही, हे खरे आहे, आणि ते हॉवर्ड-ब्लेकलींनी कागदावर नक्कीच लिहिले नसावे. पण मग जिन्याचेही नाव लेबलवर घालायचे का?

टेपवाला

जिन्याचे नको, माइक कुठे अडकवायचा हे ज्याने ठरवले त्याचे घाला.