व्हिएतनामी भित्तिचित्र म्हटलं की होडीच का?

निळी_शाई: मेलबर्नच्या फुटस्क्रे, रिचमंड, स्प्रिंगवेल भागांत व्हिएतनामी स्थलांतरितांसाठी भिंत रंगवायची ठरली की कच्च्या आराखड्यात आधी होडी उमटते. व्हिएतनाम युद्ध संपल्यावर, १९७६ ते १९८१ मध्ये थेट होडीने ऑस्ट्रेलियाला लागलेली माणसं जेमतेम दोन हजार. त्याहून कितीतरी जास्त लोक मलेशियातल्या पुलाउ बिडाँगसारख्या निर्वासित छावण्यांतून विमानाने आले. घरी बसून नगावर कपडे शिवणाऱ्या बायकांचं शिवणयंत्र काढा की भिंतीवर.

दर्यावर्दी: आणि छावणीपर्यंत माणूस पोचला कशाने? होडीनेच ना! वाटेत बुडालेल्यांना थडगंही नाही. २६ एप्रिल १९७६ ला डार्विनला लागलेल्या पहिल्या होडीत पाचच जण होते, म्हणून ती गोष्ट लहान होत नाही. होडी काढाच, फक्त शिडाचं गलबत नको. मासेमारीची लाकडी होडी, नाळेवर दोन डोळे रंगवलेली.

अक्षरजुळारी: चित्रावर भांडा, पण अक्षरं नीट लिहा. व्हिएतनामी लिपी रोमन असली तरी सूर चिन्हांनी ठरतो. 'मा'वर तिरकी रेघ दिली तर आई, रेघ गळली तर भूत, खाली टिंब दिलं तर भाताचं रोप. स्प्रेने जाड अक्षर काढताना नेमकी ती रेघ गिळली जाते. काही स्वरांवर दोन चिन्हं एकावर एक चढतात, तेव्हा अक्षराच्या निम्म्या उंचीची जागा वर सोडा. स्टेन्सिल कापण्याआधी एखाद्या व्हिएतनामी आजीला वाचायला द्या.

भिंतवेडा: शेवटी निकाल ऊन आणि ओल लावतात. दक्षिण गोलार्धात उत्तरेची भिंत तापते. बऱ्याच निर्वासितांना आपला वाटणारा दक्षिण व्हिएतनामचा जुना पिवळा झेंडा तिथे स्वस्त रंगात काढलात तर त्याचे तीन लाल पट्टे गुलाबी पडतील. पिवळा विटेला झाकत नाही, खाली पांढरा हात द्या. लोणा आलेली वीट कोरड्या ब्रशने झाडा. पाणी मारलं तर मीठ विरघळून परत आत मुरतं. वर वाफ बाहेर जाऊ देणारा प्रायमर हवा, नाहीतर खालच्या दीड हातात पापुद्रे सुटतात. समुद्र खाली म्हणून होडीही तिथेच काढतात, आणि दोन हिवाळ्यांत तीच बुडते.

निळी_शाई: मग घ्या होडी वर. शिवणयंत्र खाली?

भिंतवेडा: तेही नको. खालचा दीड हात कोराच ठेवा.

दर्यावर्दी: होडी वर म्हणजे आभाळात?

निळी_शाई: विमानाशेजारी.